अनुस्वार आणि बंद पंखा

१

पुस्तकबांधणीवाल्या ताईंनी जेवणाच्या सुट्टीनंतर औषधखोलीचं दार उघडलं, तेव्हा त्यांना आधी दिसले ते करड्या रंगाचे पायमोजे. मग पायमोज्यांतली पावलं दिसली, आणि मग त्या पावलांचा धनी. तो पालथा पडला होता आणि त्याच्या छातीखाली एक जाडजूड पुस्तक होतं. ताई अशा किंचाळल्या की तळघरातले मिस्त्रीकाका पायऱ्या गाळत वर आले. काकांनी आधी पंख्याचं हिरवं बटण दाबलं, मग नाकातोंडाला फडकं बांधून त्या माणसाला ओढत व्हरांड्यात आणलं. पण तोवर सगळं आटोपलं होतं.

मेलेल्या माणसाला तिथे सगळे अनुस्वार म्हणायचे. तोंडावर 'सर', पाठ वळली की अनुस्वार. जुन्या पुस्तकांची डागडुजी करणाऱ्या त्या संस्थेत सूची तयार करायला ते नुकतेच रुजू झाले होते. आयुष्यभर मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याच्या कागदावरची चूक त्यांना दातात अडकलेल्या धाग्यासारखी छळायची. ती काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे आणि काढल्यावर समोरच्याला.

औषधखोली म्हणजे कसर लागलेल्या पुस्तकांना विषारी वायू देऊन किडे मारायची बंद खोली. वायू दिल्यानंतर पंखा लावून तो बाहेर ओढून टाकायचा. तरी पुस्तकं बराच काळ पोटातला वायू हळूहळू सोडत राहतात. म्हणून खोलीत माणूस असेपर्यंत पंखा चालू हवाच. संस्थेतल्या प्रत्येकाला ही गोष्ट ठाऊक आहे, असंच सगळे धरून चालत.

आणि दार उघडलं तेव्हा पंखा बंद होता.

२

तपासनीसबाई आल्या त्या जिना चढूनच दमल्या. पोलिसखात्यात उभी हयात गेली होती, आणि तिच्यातून शिल्लक उरला होता एक सुजलेला गुडघा आणि माणसं खोटं का बोलतात याबद्दलचा कंटाळा. खोटं बोलतात याचं त्यांना काही वाटत नसे. दरवेळी तेच तेच बोलतात, त्याचा वीट आला होता.

व्हरांड्यात त्यांनी खुर्ची मागितली आणि आधी नुसत्या बघत बसल्या. औषधखोलीच्या दाराबाहेर एक बाक होता. बाकाखाली बुटांचा जोड, टाचेला टाच लावून. बाकावर घडी घातलेला रुमाल, रुमालावर घड्याळ, फोन, किल्ल्या, गोल गुंडाळलेला कमरेचा पट्टा आणि धातूच्या काड्यांचा चष्मा. प्रवासाला निघालेल्या माणसाने सामान मांडावं तसं सगळं मांडलेलं होतं.

"कुणी हात लावलाय याला?"

"नाही बाई," मिस्त्रीकाका म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचे हात थांबत नव्हते, एकमेकांना पुसत होते. यंत्रं, पंखे, नळ, दिवे, सगळं त्यांच्याकडे. "आम्ही आलो तेव्हा असंच होतं."

"पंखा कुणी बंद केला?"

"मी चालू करून जेवायला गेलो होतो. आईशप्पथ सांगतो. इतकी वर्षं झाली, एकदा चुकलो नाही. आता चुकेन होय?"

"चुकायला वर्षं लागत नाहीत, काका. ते जाऊ द्या. ही पाटी तुमची?"

दाराशेजारच्या भिंतीवर पाट्याच पाट्या होत्या. काळ्या पत्र्यावर पांढरा रंग, अक्षर वळणदार. वरच्या कार्यालयाचा हुकूम होता की सूचना इंग्रजीतच हव्यात, तपासणीला येणाऱ्यांना वाचता आल्या पाहिजेत. मग काकांनीच ब्रश हातात घेतला होता. 'रिमूव्ह शूज.' 'वॉश हँड्स बिफोर टचिंग बुक्स.' 'नो मेटल, नो मोबाइल इनसाइड.' आणि सर्वांत खाली, लाल रंगात, 'डू नॉट ओपन डोअर अनटिल फॅन इज नॉट रनिंग.'

"माझीच," काका जरा ताठ झाले. "सगळ्या माझ्याच."

बाईंनी लाल पाटी वाचली. "म्हणजे पंखा चालू होत नाही तोपर्यंत दार उघडायचं नाही."

"बरोबर."

"सरांना हे माहीत होतं?"

"होतं की! परवाच मला विचारत होते, आत जायचं झालं तर कसं जायचं म्हणून. मी म्हटलं, सर, तुम्ही एवढे शिकलेले. पाटी वाचा आणि लिहिलंय तसं करा, दुसरं काही लागत नाही." काकांनी पाटीची कड बाहीने पुसली. "नीट सांगितलं होतं हो मी."

पंख्याची बटणं दाराच्या उजव्या अंगाला होती. चालू करायचं हिरवं, बंद करायचं लाल. दोन्ही बटणं काकांच्या तेलकट बोटांनी काळवंडलेली. लाल बटणाशी मात्र बाई थबकल्या. त्या काळ्या तेलावर मधोमध एक ठसा उमटला होता आणि तो तेलकट बोटाचा नव्हता.

कुणीतरी स्वच्छ बोटाने पंखा बंद केला होता.

३

"मी त्यांना मारलं नाही," बांधणीवाल्या ताई आल्या आल्या म्हणाल्या.

"मी तसं म्हटलंय का?"

"म्हणाल. सगळ्यांना माहितीये आमचं पटत नव्हतं."

ताई खळीने कडक झालेला ॲप्रन घालून बसल्या होत्या. डोळे सुजलेले, पण रडून की धुळीने, ते सांगणं कठीण होतं. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवायच्या चिठ्ठ्या त्या लिहायच्या आणि अनुस्वार त्या चिठ्ठ्या लाल करून परत पाठवायचे.

"एका चिठ्ठीवर चार खुणा! चिठ्ठी केवढी, बोटाएवढी. मी म्हटलं, सर, पुस्तक हजार वर्षं टिकेल असं बांधते मी, तुम्ही वेलांटी काय धरून बसलात? तर म्हणतात, ताई, हजार वर्षं टिकणार आहे म्हणूनच वेलांटी बरोबर हवी." त्यांनी ॲप्रनवरची वाळलेली खळ नखाने खरवडली. "आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं. पण तेव्हा हातातली खळ त्यांच्या डोक्यावर ओतावीशी वाटली होती."

"ओतली नाहीत ना?"

"नाही हो." ताईंना हसू आलं आणि त्याची लगेच लाजही वाटली.

"ते आतमध्ये कशाला गेले? पुस्तकं आणून द्यायला माणूस असतो ना?"

"असतो. आज रजेवर होता. एरवी सर थांबले असते. आज म्हणाले, मला थांबता येणार नाही, मीच घेऊन येतो. लाल फीत बांधलेलं जाडजूड पुस्तक आहे, हाताने चाचपडूनही सापडेल, म्हणाले."

"घाई कसली होती?"

"ते नाही सांगितलं. आमचं बोलणं म्हणजे कामापुरतं. आणि चुकांपुरतं."

"त्यांनी त्या पंख्याबद्दल कधी काही विचारलं होतं?"

ताईंनी ॲप्रनची किनार बोटाभोवती गुंडाळली. "विचारलं होतं, परवा. हा पंखा आपोआप बंद होतो की आपण करायचा? मी म्हटलं, आपण करायचा, ते लाल बटण. मग म्हणाले, तुम्ही सगळे पंखा चालू असतानाच आत जाता? म्हटलं, हो, मग? तर तोंड असं केलं, आणि म्हणाले, इथे पाट्या कुणी वाचतच नाही वाटतं." ताईंनी सुस्कारा सोडला. "हे असं. सरळ बोलणं नाहीच. प्रत्येक वाक्याला एक चिमटा."

बाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याच्या तक्रारी ऐकून त्यांचे कान किटले होते. शिवाय त्यांचं लक्ष आपल्या फोनकडे गेलं होतं. ठशाचा निकाल आला होता.

लाल बटणावरचं बोट खुद्द अनुस्वारांचं होतं.

४

"झालं तर मग," व्यवस्थापक म्हणाले. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वाईट झालं, फार वाईट. पण निदान संशयाला जागा नाही."

त्यांची खोली फायलींनी इतकी भरली होती की पाहुण्यांच्या खुर्चीवरही एक गठ्ठा बसला होता. बाईंनी तो उचलून खाली ठेवला आणि गुडघ्याला हात लावत बसल्या.

"कसली जागा नाही?"

"बघा ना. बायको गेल्या वर्षी वारली. घरी एकटे. मुलगी वेगळी राहते, तिच्याशी धड नव्हतं. दोन दिवस आधी पंखा कसा बंद करायचा ते विचारून घेतात. मग सुट्टीत, कुणी नसताना, घड्याळ, किल्ल्या, पट्टा, बूट व्यवस्थित काढून ठेवतात. स्वतःच्या हाताने पंखा बंद करतात आणि विषाच्या खोलीत जातात. आणि चष्मा, बाई! चष्मा बाहेर ठेवून पुस्तक आणायला कोण जातं? त्यांना पुस्तक नकोच होतं."

"पुस्तक छातीखाली सापडलं."

"सवयीने उचललं असेल. मरतानासुद्धा पुस्तक सोडवेना, असा माणूस."

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. तो दमलेला माणूस होता, आणि दमलेल्या माणसाला जे सोयीचं तेच खरं वाटू लागतं, हे बाईंना स्वतःवरून ठाऊक होतं. आत्महत्या म्हटली की अहवाल एका पानात संपतो. अपघात म्हटलं की चौकशी, साक्षी, खोलीला टाळं, काकांची नोकरी, संस्थेची अब्रू, आणि बाईंच्या गुडघ्याला त्याच जिन्याच्या वाऱ्या. लिहून टाकावं आणि घरी जाऊन पाय गरम पाण्यात सोडावेत, असं त्यांना फार मनापासून वाटलं. पेनाचं टोपणही त्यांनी काढलं.

"आज सकाळी ते तुमच्याशी काही बोलले होते?"

"माझ्याशी? नाही. म्हणजे... नेहमीचंच," व्यवस्थापक म्हणाले आणि फायलीची दोरी सोडून पुन्हा बांधू लागले.

बाईंनी टोपण परत लावलं. ही दोरी उगाच बांधली जात नव्हती. पण त्या पुढे काही विचारणार त्याआधी दारावर टकटक झाली. बाहेर सरांची मुलगी उभी होती.

"मला एकच सांगा," ती आत न येताच म्हणाली. "माझ्यामुळे केलं ना त्यांनी?"

५

मुलगी तिशीतली होती. एका मालवाहू कंपनीत हिशेबनीस. कामावरून तशीच आली होती, गळ्यातली ओळखपट्टीही काढायचं भान नव्हतं. बाईंनी तिला व्हरांड्याच्या टोकाला नेलं, औषधखोली दिसणार नाही अशा बाजूला.

"तुमच्यामुळे का?"

"सकाळी भांडले मी." तिने फोन पुढे केला, पण द्यायचं धाडस होईना, म्हणून स्वतःच सांगू लागली. "संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाणार होते, बऱ्याच दिवसांनी. आई गेल्यापासून त्या घरात जेवायला बसवत नाही मला. पण म्हटलं, जाऊ. मग निरोप टाकला. इंग्रजीतच टाकते, ऑफिसच्या फोनवर मराठी उमटवायचा कंटाळा. लिहिलं, डोन्ट ईट अनटिल आय डोन्ट कम."

"मी येत नाही तोपर्यंत जेवू नका."

"तेच. साधं. तर त्यांचं उत्तर काय, 'म्हणजे तू आली नाहीस की मगच जेवू? आणि आलीस तर उपाशी?'" तिने फोन पर्समध्ये टाकला. "त्यांना गंमत वाटली असेल. माझं डोकं फिरलं. फोन लावला आणि म्हटलं, बाबा, तुम्हाला माणसं दिसतच नाहीत, चुकाच दिसतात. आईच्या आजारपणातसुद्धा डॉक्टरांच्या कागदावरचं स्पेलिंग दुरुस्त करत बसला होतात. राहा तुमच्या व्याकरणाबरोबर. मी येत नाही. आणि ठेवला फोन." तिने तोंडावर हात घेतला. "त्यानंतर ते काही बोललेच नाहीत. एक अक्षर नाही. आणि दुपारी हे."

बाईंना अशा वेळी काय बोलायचं ते पाठ होतं. पण पाठ असलेलं काही त्यांच्या तोंडून निघेना. त्यांच्या डोक्यात एक वाक्य वळवळत होतं.

"ते काय म्हणाले म्हणालात? परत सांगा."

"तू आली नाहीस की मगच जेवू."

"पण तुम्ही तसं कुठे लिहिलं होतं?"

"इंग्रजीत त्याचा अर्थ तसाच होतो, बाई," मुलगी थकून म्हणाली. "चूक माझीच. लहानपणापासून हीच चूक करते आणि लहानपणापासून ते हाच टोला मारतात. तो दुसरा नॉट नको. अनटिल आय कम, एवढंच लिहायचं. त्यांनी शंभरदा सांगितलंय. पण मनात मराठी असलं की हात आपोआप तो नॉट लिहितो."

बाई उठल्या. गुडघ्यातून कळ गेली, तिच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. व्हरांडा ओलांडून त्या औषधखोलीच्या दाराशी गेल्या आणि लाल पाटीसमोर उभ्या राहिल्या. दुपारपासून त्यांनी ती पाटी कितीदा तरी वाचली होती. आता पहिल्यांदा त्यांनी ती इंग्रजीत वाचली.

"अगं आई गं," बाई म्हणाल्या.

६

सगळ्या संशयितांना एका दालनात जमवायची पद्धत असते म्हणतात. बाईंनी सगळ्यांना बाकाजवळ बोलावलं, कारण आता त्यांना चालवत नव्हतं. व्यवस्थापक आले, ताई आल्या, काका भिंतीशी उभे राहिले. मुलगी बाईंच्या शेजारी बसली.

"मला एक सांगा," बाई म्हणाल्या. "ताई, आत जाताना तुम्ही चप्पल काढता?"

"छे! लादी बर्फासारखी असते."

"हात धुता?"

ताईंनी हात ॲप्रनखाली घेतले.

"व्यवस्थापकसाहेब, तुम्ही फोन बाहेर ठेवता? पट्टा काढता? त्याच्या बकलाला धातू असतो."

"ते... नियम आहेत, बाई, पण रोजच्या कामात—"

"कुणीच पाळत नाही. इतक्या पाट्या आहेत की भिंतीला रंग द्यायची गरज नाही, पण पाळणारा एकही नाही. मग एक माणूस आला. त्याने पहिली पाटी वाचली, बूट काढले. दुसरी वाचली, हात धुतले. बटणावर तेलाचा डाग नसलेला ठसा का उमटला, तर बोटं नुकतीच साबणाने धुतली होती. जीव द्यायला निघालेला माणूस पुस्तकाला डाग पडू नये म्हणून हात धुतो का? तिसरी पाटी वाचली. धातू नको, फोन नको. म्हणून पट्टा, घड्याळ, किल्ल्या, फोन, आणि धातूच्या काड्यांचा म्हणून चष्मासुद्धा. तुम्हाला ती निरवानिरव वाटली. मलाही वाटली. तो माणूस नुसता सूचना पाळत होता."

"आणि चौथी?" व्यवस्थापक म्हणाले. त्यांचा आवाज थोडा चढला. "चौथी पाटी, सगळ्यांत महत्त्वाची, ती का मोडली? पंखा चालू नसेल तर दार उघडू नका, हे तिथे लाल अक्षरांत लिहिलंय!"

"तसं लिहिलेलं नाही."

काकांचे हात थांबले.

"आपण सगळे ती पाटी मराठीत वाचतो," बाई म्हणाल्या. "पंखा चालू होत नाही, तोपर्यंत दार उघडू नका. मराठीत तिथे 'नाही' लागतो. इंग्रजीतल्या 'अनटिल'च्या पोटात तो आधीच बसलेला असतो. त्यावर आणखी एक 'नॉट' घातला की अर्थ उलटा होतो. पंखा बंद होईपर्यंत दार उघडू नका. ज्याच्या मनात मराठी आहे त्याला ती चूक दिसतच नाही, आणि ज्याला फक्त पाटी दिसते तो पंखा बंद करतो."

बाईंनी ताईंकडे पाहिलं.

"ताई, परवा ते म्हणाले ना, तुम्ही पंखा चालू असतानाच आत जाता? इथे पाट्या कुणी वाचतच नाही? तुम्हाला तो चिमटा वाटला. त्यांना खरंच धक्का बसला होता. त्यांना वाटलं असणार, पंखा आतलं विष ढवळतोय, तो थांबून सगळं खाली बसलं की मगच दार उघडायचं. म्हणून विचारलं, आपोआप बंद होतो की करायचा. त्यांच्या लेखी या इमारतीत एकच माणूस नियमाने वागत होता, आणि तो म्हणजे ते स्वतः."

"पण," मुलगी हळूच म्हणाली, "बाबांना चूक दिसली असती. त्यांना चूक दिसली नाही असं कधी झालंच नाही."

"चूक कधी दिसते? समोरच्याला काय म्हणायचंय ते आधी ठाऊक असलं तर. तुमच्या निरोपात दिसली, कारण तुम्हाला जेवायला सोबत बसायचंय हे त्यांना ठाऊक होतं. पंख्याचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. वाक्य व्याकरणात बसत होतं. अर्थही लागत होता. लाल खूण करायला तिथे जागाच नव्हती."

मिस्त्रीकाका भिंतीवरून घसरत खाली बसले. "मी म्हटलं त्यांना," ते म्हणाले. "लिहिलंय तसं करा. मीच म्हटलं."

त्यांना धीर द्यावा असं बाईंना वाटलं, पण धीर द्यायला लागतं ते बळ त्यांच्याकडे उरलं नव्हतं. शेवटी ताईच त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "काका, मीही रोज वाचते ती पाटी," त्या म्हणाल्या. "मलाही कुठे कळलं?"

"आता एकच राहिलं," बाई व्यवस्थापकांकडे वळल्या. "सुट्टीत, माणसाची वाट न बघता, स्वतः आत जायची घाई कशाला होती? आज सकाळी ते तुमच्याशी बोलले. ती फायलीची दोरी सोडा आता. काय बोलले?"

व्यवस्थापकांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. मग ते मुलीकडे न बघता बोलले.

"लवकर जायची परवानगी मागायला आले होते. मी म्हटलं, हातातला गठ्ठा संपवून जा. म्हणाले, मग जेवणाच्या सुट्टीतच संपवतो." त्यांनी चष्मा परत चढवला. "मी विचारलं, एवढं काय काम आहे? म्हणाले, मुलगी रागावलीये. ती येणार नाही म्हणाली, तेव्हा मलाच जायला हवं. फोनवर सांगून उपयोग नाही, म्हणाले. फोनवर माझ्या तोंडून चुकीचंच निघतं."

"हे तुम्ही मघाशी सांगितलं नाहीत."

"नाही सांगितलं," व्यवस्थापक म्हणाले. "सांगितलं असतं तर आत्महत्या उरली नसती. आणि मग आम्ही उरलो नसतो."

बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. त्यांनी राग शोधून पाहिला, पण फारसा सापडला नाही. त्यांनी वही उघडली आणि 'अपघात' असं लिहिलं. मग हा शब्द लिहिल्यावर किती पानं लिहावी लागतात ते आठवून डोळे मिटून घेतले.

७

मुलगी रडेल असं बाईंना वाटलं होतं. ती रडली नाही. गळ्यातली ओळखपट्टी काढून तिने मुठीत धरली.

"म्हणजे ते बरोबर होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत बरोबरच होते."

"हो."

"बरोबर असण्याच्या घोड्यावर बसूनच गेले." ती हसली की हुंदका दिला, ते नीट कळलं नाही. "कधीतरी एकदा चुकायचं ना, बाबा. एकदा इतरांसारखी घाईघाईने पाटी वाचून, दार ढकलून आत जायचं."

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. असं त्या सहसा करत नसत. खात्यात ते चालत नाही आणि पुढे पुढे सवयही जाते.

"मी त्यांना येत नाही म्हटलं होतं," मुलगी म्हणाली.

"आणि ते तुमच्याकडे यायला निघाले होते. दोन्ही लक्षात ठेवा. पहिलं तुम्ही विसरणार नाहीच, म्हणून दुसरं मुद्दाम सांगते."

मुलीने मान हलवली. मग फोन काढला आणि आत्याला लावला. सरांच्या मोठ्या बहिणीला अजून कुणी काही कळवलं नव्हतं. दुपारभर मुलीचा हात त्या नंबराशी जाऊन परत येत होता. बाबांनी जीव दिला, हे शब्द तिच्याच्याने उच्चारवले नसते.

"आत्या," ती म्हणाली, "बस आधी. बसलीस का?... आत्या, बाबा गेले गं."

पलीकडून काय आवाज आला तो बाईंना ऐकू आला नाही. मुलीने डोळे घट्ट मिटले आणि फोन कानाशी दाबून धरला.

"नाही, आत्या, नाही. तसं नाही. ऐक तर. ते गेले, पण आपल्याला सोडून नाही गेले."